नळाच्या दिवशी धुतलेला स्पंज

फिशटँकचा फिल्टर मी एकदा भांड्यांसारखा घासला. साबण लावला नाही, एवढीच काय ती अक्कल. आता माझी नात मैत्रिणींना सांगते की आमची आजी माशांची डॉक्टर आहे. तेव्हाची मी तिने पाहिलेली नाही, हे बरंच आहे. पदर खोचलेली, बाह्या वर केलेली, आणि डोकं घरी विसरून आलेली.

बुलढाण्यात घरोघरचे फिशटँक सांभाळायची कामं मी नुकतीच घ्यायला लागले होते. कापडाचे व्यापारी हनीफभाई माझे सगळ्यात मोठे कस्टमर. त्यांच्या बैठकीत चार फुटी टँक, आणि त्यात एकच मासा. ऑस्कर जातीचा, काळा-केशरी, हातभर नाही पण वीतभर नक्की. नाव नवाब. तो हनीफभाईंच्या आईचा. अम्मी सुनांशी कमी आणि नवाबशी जास्त बोलायच्या. तो वर येऊन त्यांच्या बोटांतून खाण्याची गोळी ओढायचा.

ईद तोंडावर आली होती. हनीफभाई म्हणाले, "ताई, पाव्हने येऊन राह्यले. टँक असा चमकवा का लोक पाहतच राह्यले पायजे."

आणि त्या दिवशी नेमके नळ आले होते. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. येतात त्या दिवशी अख्खी गल्ली धुवायला निघते. चादरी, पायपुसणी, स्कूटर, पोरं, जे हाती लागेल ते. माझ्याही अंगात आलं.

फिल्टर म्हणजे टँकच्या डोक्यावरचा लांबट ट्रे. मोटर खालचं पाणी वर उचलते. ते आधी पांढऱ्या कापसातून जातं, मग काळ्या स्पंजातून, आणि परत खाली पडतं. कापूस घाण अडवतो. तो गच्च झाला की पाण्याची धार बारीक होते, मग तो धुवायचा नाहीतर फेकायचा. स्पंजही घाण अडवतो, पण त्याच्या भोकाभोकांत जिवाणूंची वस्ती असते. माशाच्या घाणीतून पाण्यात अमोनिया सुटतो, म्हणजे माशाला विषच. हे जिवाणू तो पचवतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण नळाला एवढी जोरदार धार असताना वाचलेलं कुणाला आठवतं!

कापूस नवा टाकला. स्पंज नळाखाली धरून पिळला, आपटला, पुन्हा पिळला. निम्मं पाणीही ताजं भरलं. टँक आरशासारखा झाला. मी स्वतःवर इतकी खूश, की जाताना वळून वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हनीफभाईंचा फोन. "ताई, पानी दुधावानी झालं. नवाब वर तोंड काढून हाफून राह्यला. अम्मी जेवून नाही राह्यली."

मी अकोल्याला फोन लावला. तिथले एक होलसेलवाले काका मला सामान द्यायचे, आणि बोलणीही.

"काका, नवाब चालला!"

"कोन नवाब?"

"ऑस्कर हो! वर येऊन हाफते."

"स्पंज कशात धुतला?"

"नळाखाली. नितळ पानी निघेपर्यंत."

"पान्याले ब्लीचिंगचा वास होता?"

"होता ना. मी म्हटलं बरंच झालं, जंतू मरतीन."

"मेले ना बाई! सगळे मेले! आता त्याहीचं काम कोन करीन, तुम्ही?"

मग त्यांनी भराभर सांगितलं. घरच्या टँकचा जुना स्पंज घ्या. धुऊ नका, वाळू देऊ नका, नेऊन त्या फिल्टरात ठेवा. दुधाला विरजण लावता तसं.

मी स्पंज टँकच्याच पाण्यात बुडवून स्टीलच्या डब्यात घातला, हवेचा पंप पिशवीत टाकला आणि स्कूटी अशी पळवली की चौकातला पोलीसही बाजूला झाला. अम्मी टँकपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी डबा उघडला.

"हे काय वं? वांग्याचं भरीत?"

"विरजन आहे, अम्मी."

"मले दही नाही पायजे. मासा वाचव."

हनीफभाईंनी स्पंज पाहिला. "ताई, काल तुमीच घान काढली. आज घान आनून टाकता?"

"हाव भाऊ. ही चांगली घान आहे."

गच्चीवर जुन्या ड्रममध्ये शिळं पाणी होतं, ब्लीचिंगचा वास केव्हाच उडालेलं. दोन्ही सुनांनी बादल्या भरून खाली आणल्या, मी टँकचं निम्मं पाणी बदललं. पंप लावला. माझा मळका स्पंज त्यांच्या लख्ख धुतलेल्या स्पंजाला चिकटवून ठेवला. नवाब एका कुशीला कलला होता, फक्त कल्ले हलत होते. सगळं घर काचेला नाक लावून.

मी म्हटलं, "आता याचं खानं बंद. खाल्लं का घान, घान झाली का पुन्हा इख."

"किती दिवस?"

"ईद होईपर्यंत."

"ईदेच्या दिवशी कोनी रोजा धरते काय वं?" अम्मी कडाडल्या. पण गोळ्यांची डबी त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

ईदच्या सकाळी मी पहिल्या पाहुण्यांबरोबरच हजर. पाणी अजून धुरकट होतं. नवाब कुठेच दिसेना. तेवढ्यात अम्मींनी काचेवर बोट फिरवलं आणि तो कोपऱ्यातून सरळ, ताठ, बोटामागे धावत आला! मी पाहुण्यांदेखत टाळ्या पिटल्या. एकांच्या हातातला शीरखुर्मा सांडला.

तेव्हापासून कापूस मी बिनधास्त धुते. स्पंज मात्र टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनतीनदा पिळते, आणि तो अजून जरा मळका दिसतो तोवरच हात आवरते. दोन्ही एकाच दिवशी कधीच नाही. हे शिकायला कोर्स लागत नाही, एक नवाब लागतो.

त्या ईदला निघताना अम्मींनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, दुवा देतील. त्या म्हणाल्या, "बेटी, पुढच्या बारीले येशीन तं इतकं मन लावून काम नको करू."