नातीचे इंग्रजी

माझे इंग्रजी डोळ्यांचे होते. न्यायालयाच्या नक्कल विभागात माझी सारी नोकरी झाली. निकालपत्रांच्या आणि साक्षींच्या प्रमाणित प्रती तयार करायच्या, त्या मुळाबरहुकूम आहेत याची खात्री करायची आणि पुढे पाठवायच्या, एवढेच काम. मूळ कागदात स्वल्पविराम असेल तर नकलेत तो असलाच पाहिजे. नसेल तर आपल्या शहाणपणाने घालायचा नाही. लिहिलेले इंग्रजी मला कधी अडले नाही. बोललेले इंग्रजी मात्र मी ऐकलेच नव्हते. साहेब मराठीत बोलत, वकील मराठीत भांडत आणि कागद तेवढा इंग्रजीत निघे.

ही उणीव मला उतारवयात जाणवली. कारण चांगले नव्हते.

माझी मुलगी परिचारिका होती. इंग्लंडात नोकरीला गेली आणि तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिने लग्न केले. त्यांना एक मुलगी. नातीला मराठीतले मोजके शब्द येतात: आजी, आजोबा, मोदक, नको. गणपतीला मुलगी एकटीच आली. नातीची शाळा चालू होती, म्हणून ती वडिलांजवळ राहिली. गौरी गेल्यावर मुलगी भाताचा मळा बघायला गेली. पायाला खरचटले होते. ती तशीच मळ्यातल्या पाण्यात उतरली. लहानपणापासून उतरत आली होती. पुढच्या आठवड्यात ताप आला, आणि मग पोटऱ्या अशा दुखू लागल्या की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसेना. लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप. ती स्वतः परिचारिका होती. रोग तिने ओळखला, पण उशिरा. जावई येऊन पोहोचला तो अंत्यविधीला. तो काही दिवस आमच्याकडे राहिला आणि परत गेला.

जाताना त्याने नेम घालून दिला. दर रविवारी, आमच्या दुपारी आणि त्यांच्या सकाळी, नात आम्हाला व्हिडिओवर फोन करील. तिचे आईकडचे माणूस तुटू नये, एवढाच त्याचा हेतू होता. तो मला मान्य होता.

फोनवर बोलायचे काम बायकोचे. खरे तर ऐकायचे. आमच्याकडे ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. बोलणारा श्वास घेईल तिथे 'हं' म्हणायचे. ते आले नाही तर बोलणारा थांबतो आणि विचारतो, 'झोपलात काय?' बायको या बाबतीत काटेकोर. भाजीवालीचे गाऱ्हाणेसुद्धा ती हुंकार दिल्याशिवाय ऐकत नसे. नातीला त्या 'हं'चे हसू येई. ती त्याची नक्कल करी. तेव्हा बायकोने तिच्यासाठी 'येस' शिकून घेतले आणि 'हं'च्या जागी ते घालू लागली. नात बोले, श्वास घेई. बायको म्हणे, येस. दोघींचे उत्तम चालले होते. मी शेजारी बसे. एखादा शब्द ओळखीचा लागे. त्याला धरून ठेवीपर्यंत पुढचे सगळे निघून गेलेले असत.

एका रविवारी नात जिन्याच्या पायरीवर बसून बोलत होती. फोन तोंडाजवळ धरला होता. आवाज बारीक होता. ती बराच वेळ बोलली.

"येस," बायको म्हणाली. "येस गो माझे बाय. येस."

नात तिच्याकडे बघत राहिली. मग पडदा काळा झाला.

"फोन कट झाला काय ओ?"

"झाला."

"नेट गेलं असेल. आज किती शहाण्यासारखी बोलत होती. काय म्हणत होती?"

"मला समजलं नाही."

"मग जन्मभर कोर्टात केलंत काय?"

"नकला."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. जावयाचा निरोप आला, लेखी. लेखी असल्यामुळे तो मला पहिल्या वाचनातच समजला. मुलीने आजीला तीन गोष्टी विचारल्या होत्या. आईला दुखत होते का? ती रडली का? तिने मला हाक मारली का? आजीने तिन्हींना 'हो' म्हटले. त्या दिवसापासून मुलगी जेवत नाही, शाळेत जायला तयार नाही, कुणाशी बोलत नाही. एवढ्या लहान मुलीला हे असे सांगण्याची काय गरज होती, असे त्याने विचारले होते. तूर्त फोन बंद ठेवू, असेही लिहिले होते. विरामचिन्हे सगळी जागेवर होती. फार दुखावलेला माणूस असेच नीट लिहितो, हे मी न्यायालयात पाहिलेले आहे.

मी बायकोला निरोपाचा अर्थ सांगितला. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"मी कुठे काय सांगितलं? मी ऐकत होत्ये."

"तिकडे येस म्हणजे उत्तर."

"मग मी ऐकत्ये हे पोरीला कळायचं कसं? तोंड मिटून बसू?"

तिने सूप बाजूला सारले.

"लिहा त्याला. लिहा, म्हातारीला इंग्रजीतलं काही कळत नाही."

"कालच लिहिलं. उत्तरही आलं."

"काय म्हणतो?"

"त्याने मुलीला तसं सांगितलं. ती म्हणते, आजी खोटं बोलत नाही."

बायकोने सूप पुन्हा हातात घेतले, पण त्या दिवशी तांदूळ निवडून झाले नाहीत. अडचण आणखी एक होती आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक होती. त्या तीन उत्तरांतले एकही खोटे नव्हते.

फोन पुन्हा सुरू होईल तेव्हा नात काय विचारते ते मला ऐकू आले पाहिजे, असे मी ठरवले. मुलीचा फोन आमच्याकडेच राहिला होता. आजारपणात तो उघडायचा आकडा तिने माझ्या बायकोला सांगून ठेवला होता. आईला बरे नाही हे कळल्यापासून नातीने पाठवलेले बोलके निरोप त्यात होते. बायकोने तो फोन कपाटात ठेवला होता. मी तो बाहेर काढला. ते निरोप हेच माझे पाठ्यपुस्तक झाले. दुसरे मला नको होते. मला इंग्रजांचे इंग्रजी शिकायचे नव्हते, एका मुलीचे शिकायचे होते.

सकाळी मांडवीच्या समुद्रावर फिरायला जाताना मी ते निरोप इअरफोनवर ऐकू लागलो. धक्क्यावर कचेरीतले एक जुने सहकारी रोज बसतात.

"काय ओ नक्कलवाले, कानात भजनं काय?"

"इंग्रजी."

"आता ह्या वयात? यमाला काय मराठी येत नाही?"

त्यांना कारण माहीत नव्हते. मी पुढे गेलो.

घरी आल्यावर मी ऐकलेले कागदावर उतरवी. प्रथम नुसते शब्द. मग पुन्हा ऐकून त्यांत चिन्हे. इथे माझी सारी विद्या उलटी पडली. कागदावर चिन्ह आधी असते आणि माणूस त्याप्रमाणे थांबतो. बोलण्यात माणूस थांबतो आणि चिन्ह आपल्याला शोधावे लागते. पहिल्या दिवशी मी जिथे जिथे ती थांबली तिथे पूर्णविराम दिला. सगळे चुकले. मूल श्वासासाठी कुठेही थांबते. वाक्य संपते तेव्हा आवाज खाली बसतो. बसला नाही तर ते संपलेले नसते, कितीही थांबले तरी. 'अँड' या एका शब्दावर ती शाळा, मांजर, पाऊस आणि डबा हे सगळे टांगते. व्याकरणाच्या पुस्तकात याला दोष म्हणतात. ऐकताना तो दोष वाटत नाही.

प्रश्नाचे मी वेगळेच समजून चाललो होतो. प्रश्नचिन्ह शेवटी असते म्हणून मी शेवटाची वाट बघे. तिचा प्रश्न वाक्याच्या आरंभीच सुरू झालेला असतो. 'डिड यू' हे ती 'डिजा' म्हणते. ते सुटले की पुढचे सगळे विधान वाटते. भूतकाळ त्या 'डिड'ने उचललेला असतो आणि क्रियापद मोकळे राहते, हा नियम मला शाळेपासून पाठ होता. तो कानाने ओळखायला मला कित्येक आठवडे लागले. संबोधनानंतर स्वल्पविराम देतात, तोही ऐकू येतो. 'मम' म्हणून ती क्षणभर थांबते. शेवटच्या काही निरोपांत हे थांबणे वाढत गेले आहे. त्या काळात तिला उत्तरे येत नव्हती.

नातीचा आवाज घरात सुरू झाला की बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राही. हुंकार मात्र देत नसे.

एकदा तिने विचारले, "ही काय म्हणते?"

"दात पडला म्हणते."

"कुठला?"

"ते सांगत नाही."

ती आत गेली.

मला थोडेफार ऐकू येऊ लागल्यावर मी जावयाला लिहिले. एकदा फोन जोडून द्या, तुम्ही तिच्याजवळ बसा. त्याने बऱ्याच दिवसांनी होकार कळवला, पण अट घातली. मुलीने विचारले तर सांगायचे की आईला काहीही दुखले नाही; आजीचा गैरसमज झाला होता.

"मग सांगा की तसं," बायको म्हणाली. "पोर जेवेल तरी."

"खोटं आहे ते."

"नकला करायला बसला नाहीत तुम्ही. आजोबा आहात तिचे."

मी दोन्ही वाक्ये तयार केली. एक जावयाने सांगितलेले आणि एक खरे. कोणते म्हणायचे ते मी ठरवले नव्हते.

रविवारी फोन लागला. नात वाळली होती. शेजारी जावई. बायको माझ्या बाजूला बसली होती. पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, म्हणजे चुकून काही निघू नये. नातीने तिच्याकडे पाहिलेच नाही. तिने मला विचारले. मी 'वॉज' ऐकला. तो आरंभीच आला आणि मी तो सोडला नाही. पुढचा प्रत्येक शब्द ऐकू आला. दुखण्याबद्दल तिने विचारलेच नाही. ते उत्तर तिला मिळालेले होते. तिने विचारले: ती एकटी होती का?

तयार केलेली दोन्ही वाक्ये निरुपयोगी झाली.

मी म्हणालो, नाही. आजी होती.

सगळा वेळ?

जावयाने मान किंचित हलवली. हो म्हणा, असा त्याचा अर्थ होता. अतिदक्षता विभागात आम्हाला ठरलेल्या वेळीच आत सोडत. शेवटी आम्ही दोघेही दाराबाहेर बाकावर होतो.

मी म्हणालो, नाही. सगळा वेळ नाही. त्यांनी आत जाऊ दिले नाही. आम्ही दाराशी होतो. व्याकरणात चुका झाल्या असतील. तिला समजले. ती रडू लागली, मोठ्याने, आणि जावयाने तिला जवळ घेतले. तिने माझ्याकडे पाठ केली होती, पण फोन बंद केला नाही. बऱ्याच वेळाने तिने तोंड वळवून पाहिले आणि मराठीत विचारले, "आजी?"

"बोल," मी बायकोला म्हणालो. "हं तरी म्हण."

तिने पदर काढला नाही. नाही अशी मान हलवली आणि उठून आत गेली.

फोन आता पुन्हा दर रविवारी येतो. नात जेवते, शाळेत जाते, असे जावई लिहितो. ती माझ्याशी बोलते आणि आईबद्दल एखादा प्रश्न विचारते. मी जे घडले ते सांगतो. बायको त्या वेळी माझ्या जवळच, पण पडद्यावर दिसणार नाही अशी बसते. मी किती सांगून पाहिले. आजी कुठे आहे, असे नात शेवटी विचारतेच. मी सांगतो, इथेच आहे, ऐकते आहे. इंग्रजीतले हे एवढे मला आता न अडखळता म्हणता येते.