माळकरी आणि अंडं

गंगाखेडच्या स्टँडसमोरचे मेडिकलवाले काका माळकरी आहेत. ‘अंडं’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. मला पीसीओडी; अंडं पिकत नसल्यानं दिवस राहत नव्हते. डॉक्टरांनी गोळी बदलली, तेव्हा मी दोन्हींतला फरक विचारला. काकांनी दोन पाकिटं दोन तळहातांवर तोलली.

“जुनीनंबी फळ पिकतं, ताई. पर तुमच्या दुखण्यात नवीनं जास्त जणींचं पिकतं.”

शेजारी उभ्या बाईंनी मला विचारलं, “केळी लावली का?”

नव्या गोळीच्या तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीचा इंग्रजी कागद आला. मी तो आधी काकांनाच दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

“अंडं फुटलं!” ते आनंदानं ओरडले. सगळं दुकान वळून बघायला लागलं.

मग माळेला हात लावून ते आत गेले आणि चूळ भरून आले.