फिरून येताना खाल्लेला पाव

हे मी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. देवीपुढे उभा राहूनही सांगितलं नाही, आणि खरं तर तिथेच सांगायला हवं होतं. तुम्ही परके, म्हणून कदाचित जमेल. गोष्ट तशी हसण्यासारखीच आहे — एका जाड्या माणसाचं वजन उतरत नव्हतं, एवढीच.

निवृत्त झालो आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी चाललो. आमच्या सर्वण गावाहून डिचोलीच्या रस्त्याला, रोज पहाटे, कॅनव्हासचे बूट चढवून. यात खोटं काही नाही. शर्ट पिळून काढावा इतका घाम यायचा. पण महिने गेले तरी काटा खाली येईना, उलट थोडा वरच चढला. डॉक्टर बुचकळ्यात पडले. मी कशाला पडतोय?

परतीच्या वाटेवर खाणीवरच्या ट्रकवाल्यांचं एक हॉटेल होतं. पातळ भाजी, गरम पाव, मिरचीची भजी, गोडमिट्ट चहा. पहिल्या दिवशी वाटलं, एवढे चाललो, एका पावाने काय होणार? मग दोन. मग तर चालायला निघायचो तेच त्या वासासाठी. आणि घरी आल्यावर? पूर्वी घरामागच्या कुळागरातल्या माडांना पाणी मीच लावायचो, बाजारालाही मीच जायचो. आता कुणी काही सांगितलं की माझं उत्तर तयार — मी चालून आलोय. दिवसभर खुर्ची सोडायचो नाही. वजन उतरणार कुठून?

माझ्या बायकोला, सुमनला, यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आपलंच रांधणं चुकतंय. आधी तिने दारावर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला नको म्हणून सांगितलं. मग माशाच्या हुमणातला नारळ कमी केला, पुढे बंदच केला. बिननारळाचं हुमण! आणि ते पुढ्यात आलं की मीच नाक मुरडायचो — चव नाही म्हणून. आठवलं की स्वतःची किळस येते.

शेवटी ती मला सातेरीच्या देवळात प्रसाद घ्यायला घेऊन गेली. काही अडलं की आमच्याकडे हे करतात. गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो; उजवीकडची पाकळी पडली तर होय. तिने विचारायला लावलं — दोष घरच्या अन्नात आहे काय? उजवी पाकळी पडली.

"बाये, दोस घरचोच मगे," गुरव म्हणाला.

सुमनने मान खाली घातली. मी शेजारी हात जोडून उभा — आणि सकाळच्या भाजीचे ढेकर अजून येत होते. एक वाक्य पुरलं असतं. अहो, मी बाहेर खातो. का नाही बोललो? देवीचा कौल खोटा कसा पाडायचा, अशी मी मनाची समजूत घातली. पण ती भक्ती नव्हती. चारचौघांत फजिती होईल, याची भीती होती.

तिचं माहेर बांद्याचं, बोली अजून तिकडचीच. तिथल्या तिथे तिने देवीला नवसाचं सांगणं केलं, "तेंचा वजन उतरल्याबगर रातचो भात मी जेवचंय नाय."

आणि ती जेवली नाही. भातावर जिचा जीव, ती रात्री कांजीचं पाणी पिऊन निजायची. मुलगी माहेरी आली की ओरडायची, आई, किती वाळलीस. एकदा विहिरीपाशी चक्कर येऊन खाली बसली. डॉक्टरांनी सांगितलं, अंगात रक्तच नाही. तेव्हा तरी बोलावं की नाही माणसाने? दुसऱ्या दिवशी पहाटे मी चालायला गेलो आणि पाव खाल्ला. होय — खाल्ला.

काही वर्षांनी खाणी बंद पडल्या. ट्रक थांबले, हॉटेलला कुलूप लागलं. गुडघे धरल्यामुळे मी तर आता पूर्वीपेक्षा कमीच चालत होतो. तरी वजन उतरायला लागलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. सुमनने देवीची ओटी भरली आणि देवीने ऐकलं म्हणून गावभर सांगत सुटली. मी मान डोलावत राहिलो.

त्या रात्री तिने नारळ घालून हुमण केलं. माझ्याबरोबर जेवायला बसली, किती वर्षांनी रातचा भात स्वतःच्या ताटात घेतला. मी तिच्या हाताकडे बघत होतो. एक घास गेला, दुसरा गेला. तिसरा हातातच राहिला.

"आता जायना," ती म्हणाली. "सवय गेली."

मग तिने तपेल्यातला उरलेला भात माझ्या ताटात वाढला, आणि मी तो जेवलो.