सोलापुरात वारा शांत

जिथं काम जास्त तिथं किस्से कमी, असा माझा अनुभव आहे. माणसाला घडलेलं लक्षात ठेवायलाच सवड नसते! सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या विमानतळावर रेडिओ ऑपरेटर होतो. महिन्यात चार विमानं आली तर गर्दी झाली म्हणायची. कधी एखादा मंत्री, कधी कारखानदार, कधी पिकांवर फवारणी करणारं विमान. पायलटला वारा किती, ढग किती, रनवे मोकळा आहे का, एवढं रेडिओवर सांगायचं. बाकी वेळ आम्ही तिघं आणि चहा. त्यामुळे किस्से साठत गेले, आणि आता घरचे ऐकत नाहीत म्हणून तुम्हाला सांगतो.

तिघं म्हणजे मी, आमचे ऑफिसर मोडक साहेब आणि चौकीदार मलकाप्पा. मोडक साहेब नियमाचे इतके पक्के की पावसात भिजत असले तरी ढगांचं प्रमाण लिहून झाल्याशिवाय आडोशाला जायचे नाहीत. त्यांचा एकच मंत्र: "जे दिसलं ते लिहायचं. जे वाटलं ते नाही!"

मलकाप्पा वळसंगचा. शाळा कानडीत चौथीपर्यंत, मराठी लिहायला आमच्याकडे शिकला. अकरा वर्षं नोकरी, तीही टेम्पररी! त्याच्या कायम होण्याची फाईल हेड ऑफिसात फिरत होती. तो रोज सकाळी आल्याआल्या विचारायचा, "साहेब, आमची फाईल कुटं पोचली?" जणू फाईल टेंभुर्णीहून एसटीनं निघाली होती.

* * *

किती लांबचं दिसतं हे ठरवायला आमच्याकडे एक साधी खूण होती. गिरणीचं धुराडं. ते स्पष्ट दिसलं की विमान यायला हरकत नाही.

एकदा धुकं पडलं होतं. पायलट रेडिओवर घाई करत होता. मी खिडकीतून ओरडलो, "मलकाप्पा, धुराडं दिसतंय का?"

मलकाप्पानं डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. "धुराडं दिसतंय साहेब. पर धुराड्याखाली आमचा मेव्हणा कामाला हाय, त्यो दिसंना!"

* * *

रनवेवर जनावरं फार यायची. मोडक साहेबांनी त्यासाठी एक रजिस्टरच आखलं. काय दिसलं, किती, आणि पुढं काय केलं, असे तीन रकाने. ते भरायचं काम मलकाप्पाचं. एके दिवशी नोंद होती:

शेळ्या – १४ – मालकाला परत.
कुत्रं – १ – हाकललं.
पाहुणा – १ – चहा पाजला.

मोडक साहेब संतापले. "पाहुणा जनावरांत कशाला लिहिलास?"

"साहेब, रनवेवरनं सायकल मारत आला की! दिसलं ते लिव्हलं."

साहेबांचाच मंत्र! त्यांनी गुपचूप सही केली.

* * *

टेम्पररी माणसाला दर तीन महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे, म्हणजे सलग नोकरी दिसायला नको. त्या दिवशीही मलकाप्पा यायचा, व्हिजिटर बुकात नाव लिहायचा, कामाच्या रकान्यात "गप्पा" लिहायचा आणि बाकावर बसायचा.

अशाच एका दिवशी विमान आलं आणि रनवेवर म्हशी! मी घाबरून म्हटलं, "मलकाप्पा, धाव!"

तो पाय हलवत म्हणाला, "आज मी पब्लिक हाय साहेब. पब्लिकला रनवेवर जायला बंदी हाय. बोर्ड वाचा की!"

म्हशी मी हाकलल्या. मलकाप्पानं बाकावरून मार्गदर्शन केलं.

* * *

आता मुख्य भानगड. वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर एक कापडी नळी असते, विंडसॉक. वारा आला की ती फुगून आडवी होते. आषाढातल्या एका वावटळीत आमच्या नळीच्या चिंध्या झाल्या. वारा मोजायचं यंत्र आधीच दुरुस्तीला गेलेलं. हेड ऑफिसनं कळवलं, "शिल्लक नाही. स्थानिक पातळीवर सोय करावी."

मलकाप्पाच्या शेजारी आशन्ना नावाचा विणकर राहायचा. त्यानं सोय केली. स्वतःच्या मागावरची जाडजूड चादर घेतली, नळीसारखी शिवली, वर मोठं लाल फूल. म्हणाला, "वीस वर्सं फाटनार नाय, गॅरंटी!"

फाटली नाहीच. पण हललीही नाही! सोलापुरी चादर ती, उडायला नाही, अंगावर घ्यायला केलेली. बाहेर पत्रे उडत, आमच्या चपला उडत, पण चादर खांबाला सरळ लटकून राही. मी म्हटलं, "साहेब, वारा सुटलाय हो!"

"विंडसॉक काय दाखवतो?"

"काहीच नाही."

"मग लिहा, वारा शांत."

सलग तीन महिने आम्ही लिहिलं, वारा शांत!

* * *

व्हायचं तेच झालं. मी रेडिओवर "वारा शांत" सांगितलं, आणि फवारणीचं एक विमान वाऱ्याच्या तोंडाला उतरायचं सोडून पाठीवर वारा घेऊन उतरलं. उतरलं ते थांबेचना! रनवे संपला, कुंपण संपलं आणि विमान भुईमुगाच्या रानात जाऊन उभं राहिलं. पायलट धडधाकट, फक्त दोन्ही बुटांत माती. तो तरातरा चालत आला आणि त्यानं आल्याआल्या विचारलं, "तुमच्या खांबावर ते फूल कसलं आहे?"

मोडक साहेबांनी मलकाप्पाला विचारलं, "ह्याची नोंद केलीस?"

"न्हाय साहेब. थांबलं ते रनवेच्या भाईर. आपल्यात बसत न्हाय!"

पायलटनं तक्रार केली. हेड ऑफिसचं पत्र आलं: तीन महिने सोलापुरात वारा नाही, हे कसं? चौकशीला चौबळ साहेब येत आहेत. मलकाप्पाची फाईलही तेच सोबत आणतील.

मलकाप्पाचा चेहरा पडला. चौकशीत दोष निघाला तर कायम माणसाची बदली होते, टेम्पररी सरळ घरी जातो. अकरा वर्षं एका चादरीपायी! मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, "साहेब, चादर उतरवू या."

"लपवायचं नाही," मोडक साहेब म्हणाले. मलकाप्पाही मान हलवून म्हणाला, "दिसंल ते दिसंल."

* * *

चौबळ साहेबांचं विमान आलं. पायलट तोच. शहाणा झाला होता, धुराड्याचा धूर बघून उतरला.

दार उघडलं. चौबळ साहेब उतरले. रुबाबदार माणूस, डोक्यावर लालसर, दाट, मधोमध भांग पाडलेले केस. खाली पाय ठेवला आणि वाऱ्याचा असा झोत आला की मी भिंत धरली. पुन्हा पाहिलं तर साहेबांनी दोन्ही हातांनी फाईल डोक्यावर दाबून धरलेली!

तिकडं खांबाजवळ मलकाप्पा ड्यूटीवर उभा. रनवेवरून काहीतरी लालसर, केसाळ, जमिनीलगत पळताना त्याला दिसलं. तो काठी घेऊन धावला. एक फटका! दुसरा! तिसरा!

"घावलं साहेब!" तो ओरडला, आणि काठीच्या टोकावर ते उचलून थेट आमच्याकडं आला. चौबळ साहेबांनी ते घेतलं, मोडक साहेबांच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

दहा मिनिटांनी ते बाहेर आले. केस जागेवर होते, भांग तेवढा कानाकडं सरकलेला. त्यांनी वाऱ्याचं रजिस्टर मागवलं.

"आज मी उतरलो तेव्हा वारा किती होता?"

मी मोडक साहेबांकडं पाहिलं. मोडक साहेबांनी जमिनीकडं पाहिलं. मलकाप्पा पुढं झाला. "शांत साहेब! चादर हललीच न्हाय."

चौबळ साहेबांनी खिडकीतून चादरीकडं पाहिलं. वारा शांत असेल तर उडालं काय? काहीच नाही! त्यांनी हिरव्या शाईचं पेन काढलं आणि तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदींखाली सही ठोकली.

मग त्यांनी जनावरांचं रजिस्टर उघडलं. आजच्या पानावर त्यांचा चेहरा लाल झाला. तिथंही सही केली, आणि मलकाप्पाची फाईल पुढं ओढली. "अकरा वर्षं टेम्पररी? कमाल आहे!" म्हणत तिच्यावरही सही केली. मलकाप्पा कायम झाला!

विमान दिसेनासं झाल्यावर आम्ही तिघांनी जनावरांचं रजिस्टर उघडलं.

मुंगूस – १ – मालकाला परत.

खाली हिरव्या शाईत लिहिलं होतं: तपासले. बरोबर आहे.