रक्तपेशींचा आकडा

ती गादी माझ्या बहिणीच्या घरी मीच नेली. कुणी माझ्या गळ्यात मारली नव्हती. भद्रावतीहून कुरखेड्याजवळच्या त्या गावापर्यंत बस बदलत जावं लागतं. सगळ्या वाटेत मी ती मांडीवर धरून बसलो होतो. धूळ लागू नये म्हणून वर टॉवेलही टाकला होता.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. नववीच्या मुलांना फळ्यावर पेशीची आकृती काढून देतो. हे सांगायची लाज वाटते, पण ते गाळलं तर पुढच्या गोष्टीला अर्थ उरत नाही.

आमच्याकडे एका हॉलमध्ये त्या गादीवर फुकट झोपायला मिळायचं. लोक सकाळीच दारासमोर चपला रांगेत लावून घरी जात. चपलेचा नंबर आला की माणूस आत. गादीला वायर, वायरीला एक डबा, डब्यावर आकडे फिरवायचं बटण. कोणत्या आजाराला कोणता आकडा, ते भिंतीवरच्या तक्त्यात छापलेलं. टाय बांधलेला एक माणूस समजावून सांगायचा, की प्रत्येक पेशीची स्वतःची फ्रिक्वेन्सी असते, ती बिघडली की आजार होतो आणि मशीन ती परत जुळवून देतं. माझा खांदा दुखायचा. तीन आठवड्यांत बरा वाटू लागला. खांदे तसेही बरे होतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही विज्ञानाचे. दोन शब्द बोला." मी अर्धा तास बोललो. पेशीपटल, केंद्रक, कंपनं, सगळं. टाळ्या पडल्या. वर्गात माझं इतकं मन लावून कधी कुणी ऐकलं नव्हतं.

तक्त्यात खालून दुसरी ओळ होती, रक्तपेशी.

माझ्या भाचीला सिकलसेल आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं आतून कुणी पिळावीत तसं दुखतं. आमच्या भागात हा आजार दर दोन-चार घरं सोडून सापडतो. भाची बावीस वर्षांची. सरकारी दवाखान्यातून मिळणारी कॅप्सूल आणि गोळी रोज घ्यायची आणि ठीक असायची.

मी तशीच एक गादी डब्यासकट विकत घेतली, बहिणीकडे नेऊन तो आकडा लावून दिला आणि तिला म्हटलं, "बाई, याच्यानं पोरीच्या पेशी सरळ होतीन."

"मंग गोळ्या?"

"गोळ्या बंद ठेव. दोन्ही संग चाललं, त फरक कशानं पडला ते कसं समजन?"

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी दर वर्षी शिकवतो. तेच भाचीवर केलं.

तीन आठवड्यांनी शाळेत खिचडी वाटप चालू असताना बहिणीचा फोन आला. "भाऊ, पोरीचे हातपाय लय दुखून राह्यले. दवाखान्यात नेऊ का?"

टायवाल्याने सांगून ठेवलं होतं, की आधी दुखणं वाढतं आणि तीच गुण येत असल्याची खूण. मी म्हटलं, "दोन दिवस थांब. हे होतेच."

बहीण थांबली. भाची दोन दिवस ओरडत होती आणि तिची आई तिला उचलून पुन्हा त्याच गादीवर निजवत होती.

तिसऱ्या दिवशी गडचिरोलीला नेलं. रक्त चढवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" मी शेजारीच उभा होतो. बहीण म्हणाली, "माह्याच ध्यानात नाई राह्यलं जी." बाई तिला नाही नाही ते बोलल्या. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

भाची वाचली. तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण चालताना डावा पाय अजून ओढते.

धानकापणी उरकल्यावर मी गादी परत आणायला गेलो. बहिणीच्या अंगणात चपलांची रांग लागलेली होती. चपला लावायची पद्धतही मीच कौतुकाने सांगितली होती.

"या सर, पन तुमचा नंबर लय मांगं हाय," रांगेतले एक म्हातारे भाऊ म्हणाले. सगळे हसले.

मी सांगितलं, याच्यानं काहीच होत नाई, मी चुकलो.

"वा जी! तुमचा खांदा दुरुस्त झाला, आता आमचे गुडघे राहू द्या!"

"मले त झोप लागते बाप्पा," एक काकू म्हणाल्या.

"काकू, झोपल्यावर झोप लागनच ना!"

"घरी कोन झोपू देते दुपारचं?"

मी पुन्हा पेशीपटलापासून सुरुवात केली. घसा बसेपर्यंत बोललो. गादी घेऊन आलो तेव्हा याच अंगणात माझं भाषण ऐकून माना डोलत होत्या, आता एक हलेना.

"तवा तुम्हीच त सांगलं," ते भाऊ म्हणाले. "तवा खोटं बोलले का आता? मशीनचा काय दोष? गोळ्या त हे बाई भुलली."

बहीण सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"नाई भुलली ते," मी म्हटलं. "गोळ्या मी बंद कराले लावल्या. पोरगी ओरडत होती तवा थांब म्हनून मीच सांगलं."

बहिणीने सूप खाली ठेवलं.

"दवाखान्यात काऊन नाई बोलला हे? गावभर मी भुलक्कड माय झाली. तुले आता सुचून राह्यलं?"

तिने प्लग उपटला आणि गादीवरच्या माणसाला म्हणाली, "उठा जी." लोकांनी आपापल्या चपला पायात घातल्या. "माहा नंबर आलाच होता," म्हणत ते भाऊ सर्वांत शेवटी गेले.

भाची दाराला धरून उभी होती. "मामाजी, मंगळवारी गोळ्या आनाले जाचं हाय. तुम्ही या संग. डॉक्टरीणबाईले हे तुम्हीच सांगा. गोळ्या भुलली म्हनून मायले नेहमी बोलते ते."

येतो म्हटलं. गादी बसमध्ये पायाखाली टाकून परत आणली. मंगळवारची रजा टाकली आहे.