अकरा घरांतला एक हात

एप्रिलातल्या दुपारी केजच्या रस्त्यावरून चालत आलेला माणूस घरात शिरल्यावर पहिली दोन मिनिटं आंधळा असतो, हे मी आधीच सांगून ठेवतो. नंतर सांगितलं तर सबब वाटेल. त्यातून घामानं घसरतो म्हणून चष्मा खिशात, आणि हातात मोगऱ्याचा हार. आत्याचं पहिलं पुण्यस्मरण आठ दिवसांवर आलं होतं. तिचं चित्र केदारनाथआप्पा पेंटरांकडे टाकलेलं होतं आणि ‘झालंच म्हणून समजा’ असा त्यांचा निरोप होता. मी समजलो.

आप्पांच्या आतल्या खोलीच्या दारात, चौकटीच्या बरोबर मधोमध, निळ्या पडद्यापुढे आत्या बसलेली होती. तेच हिरवं इरकल, कपाळ झाकेल असा पदर, दोन्ही हात मांडीवर. मला भरून आलं, म्हणजे जे काय थोडं दिसत होतं तेही बंद झालं. पुढे झालो आणि फ्रेमच्या वरच्या कडेला हार अडकवायला गेलो, तर कड कोमट लागली. मी डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा आत्या उठून उभी होती.

“मी अजून मेले न्हाई,” ती म्हणाली.

ही आप्पांच्या घरी धुणंभांडी आणि स्वयंपाक करणारी गंगासागर. वय वर्षं वीस. तिनं गळ्यातला हार काढला आणि मला वाटलं माझ्या तोंडावर येतो. पण तो माझ्या कानावरून गेला आणि इझलच्या मागे उभ्या असलेल्या आप्पांच्या छातीवर बसला. आप्पांच्या दातात ब्रश होता. तो न काढता ते म्हणाले, “हलू नको म्हनलं ना तुला.”

यावर तिनं जे ऐकवलं त्यातलं निम्मं मला लिहिता येणार नाही आणि उरलेलं निम्मं मला कळलं नाही. एवढंच कळलं की आजपासून ती या खुर्चीवर बसणार नव्हती. आत्याचं इरकल तिनं आत जाऊन बदललं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि भांडी घासायला बसली. भांडी ती घासत नव्हती, त्यांना मारत होती.

आता आप्पांचं सांगतो, नाहीतर तुम्हांला वाटेल ही काय भानगड. एके काळी केजपासून धारूरच्या रस्त्यापर्यंत ज्या दुकानाची पाटी वाचता यायची ती आप्पांनी रंगवलेली असायची. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. राहिलं काय, तर गेलेल्या माणसांची चित्रं. आमच्याकडे अजूनही पुष्कळ घरांत पहिल्या पुण्यस्मरणाला हातानं रंगवलेलं चित्रच लागतं. पण जुन्या बायकांचे फोटो असतात कुठे? असतो तो आधार कार्डावरचा, आणि आधार कार्डावर माणूस जिवंतपणीच अर्धा गेलेला दिसतो. तोही गळ्यापर्यंतच. गळ्याखालची आजी आणायची कुठून?

त्यावर आप्पांचा नियम असा की जे डोळ्यांना दिसतं तेच काढायचं, मनचं काढायचं नाही. चेहरा फोटोवरून आणि बाकीचं समोर बसलेल्या माणसावरून. बायको होती तोवर तिला बसवत. ती गेली. दोन वर्षांपूर्वी गंगासागर कामाला लागली, तेव्हापासून तिला. घरचे लोक गेलेल्या बाईचं लुगडं आणून देत, ही ते नेसून अर्धा-अर्धा तास बसे. वरण उतू जाई, नळाचं पाणी जाई. आप्पा म्हणत, हलू नको. ती न हलता, फक्त ओठांनी, आप्पांच्या सात पिढ्यांची विचारपूस करी. दोघांत दोन वर्षांत एक धड वाक्य झालं नसावं. ते तिला ‘बये’ म्हणत, ती त्यांना ‘आप्पा’ असं म्हणे की पुढचा शब्द आपोआप ऐकू यावा.

तिच्या डाव्या मनगटावर चंद्रकोरीएवढा भाजल्याचा डाग आहे. तोही याच घरचा. चुलीवर तवा होता, आप्पांनी उजेड जाईल म्हणून हाक मारली, हिनं घाईत फडक्याशिवाय तवा धरला आणि त्याची कड मनगटावर बसली. आप्पांनी त्या दिवशी काय केलं? तिला खुर्चीवर बसवलं आणि डागासकट हात काढला. दिसतं तेच काढायचं.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते त्याच दिवशी कळलं, आणि तेही गंगासागरनं सांगितलं नाही. तिची आई वत्सलाबाई डाळीच्या मिलमध्ये निवडायला जाते, ती संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि तुमी असं कावून केलं म्हणून मला विचारू लागली.

झालं असं होतं की दोनच दिवसांपूर्वी पाटोद्याची माणसं गंगासागरला बघायला आलती. मुलाचं नाव महांतेश, बी-बियाण्याचं दुकान. त्याची काकू छबुबाई जाणती म्हणून सोबत. मुलीनं चहाचा ट्रे पुढे केला, छबुबाईनं कप उचलला आणि परत ठेवला. मुलीचं मनगट धरून उजेडात नेलं. मग म्हणाली, हा हात आमच्या घरी हाय.

पाटोद्याला त्यांच्या बैठकीत छबुबाईच्या सासूचं चित्र होतं, आप्पांनी काढलेलं. सासूच्या हातावर डाग आला कुठून यावरून त्या घरात आठ महिने धुसफूस चालू होती. सासूला शेवटी कोण बघत होतं? छबुबाई. तवा कुणाच्या हातात होता? छबुबाईच्या. बिचारीनं आठ महिने ऐकून घेतलेलं. तिला तो डाग सापडल्यावर किती आनंद झाला असेल याचा विचार करा. पण सोयरीक मोडली. ज्या हाताला रोज सकाळी हार घालतो, उदबत्ती ओवाळतो, तो जिवंत हात घरात सून म्हणून कसा आणायचा, असं त्यांचं म्हणणं. जाताना छबुबाई मुलीच्या पायाशी वाकली म्हणे. सवयीनं.

आणि त्यानंतर दोन दिवसांनी मी हार घेऊन गेलतो.

आता गंगासागरला हवं ते एवढंच होतं: आप्पांनी जाऊन चित्रातला तो डाग पुसावा. नुसत्या पाटोद्याच्या नव्हे, सगळ्या. डाग पडल्यापासून अकरा बायकांना तिचा हात गेला होता. चित्रं कागदात बांधून वर गावाचं नाव घालायचं कामही तिचंच, त्यामुळे अकराही घरं तिला पाठ होती. केज तालुक्यातून पाटोद्यापर्यंत अकरा भिंतींवर आपल्या हाताला हार पडतो, हे तिला सहन होत नव्हतं. मलाही झालं नसतं. माझ्या नुसत्या नावाच्या पाटीला कोणी झेंडूचं फूल अडकवलं होतं तर मी तीन दिवस रक्तदाब मोजत होतो.

आप्पा म्हणाले, पूर्ण झालेल्या चित्राला मी हात लावत न्हाई. मी खोटं काढलंय का? डाग हाय का न्हाई?

मग त्या घरात लढाई जुंपली. गंगासागर काम सोडून गेली असती तर सोपं होतं, पण ती रोज वेळेवर येई आणि दोन्ही हातांना मनगटापासून बोटांपर्यंत चिंध्या गुंडाळून काम करी. आप्पांना नखसुद्धा दिसू द्यायचं नाही. चिंध्यांच्या हातांनी भाकरी थापता येत नाही, तरी ती थापी. ती ताट घेऊन आप्पांपुढे आली की आप्पा तिच्याकडे बघत आणि मग भाकरीकडे, आणि काय खावं हे त्यांना ठरवता येत नसे. भाजीत मीठ नसे. एके दिवशी सगळं मीठ एकाच भाजीत होतं.

इकडे माझी आत्या मानेपर्यंत तयार आणि पुढे कोरी. मी माझ्या बायकोला म्हटलं, अर्धा तास बसतेस का? तिनं मला जे विचारलं ते असं, की तुम्हांला घाई नेमकी कशाची झालीय. शेजारच्या दोघींना विचारलं. दोघींनाही अचानक माहेरी जायचं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ज्या खुर्चीवर केजमधली एक बाई अर्धा तास बसायला तयार नाही, तिथे ही पोर दोन वर्षं बसवली आणि आम्ही कुणी तिला विचारलंसुद्धा नाही. मीही इरकल नेऊन दिलं होतं ते ‘हे घे’ म्हणून. शेवटी आप्पांनी मलाच बसवलं. बघितलं, आणि म्हणाले, या हातानं उभ्या जन्मात एक वाटी विसळलेली न्हाई, हा आत्याला शोभत न्हाई. आत्याचे हात पदराखाली गेले. पुण्यस्मरण उरकलं. आलेली माणसं म्हणाली, आत्याबाईंना थंडी वाजते का हो?

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आप्पा माझ्या दारात. अंगावर बनियन, खांद्याला रंगांची पिशवी, कपाळावरची विभूती अर्धी पुसलेली, आवाज चढलेला. तीन नंबरचा ब्रश गायब होता, तपकिरी रंगाची ट्यूब गायब होती आणि गंगासागर कामावर आली नव्हती. वत्सलाबाईनं सांगितलं की ती पाटोद्याच्या जीपमध्ये बसून गेली.

“ती माझ्या चित्राला हात लावणार,” आप्पा म्हणाले. “गाडी काढ बे.”

मी एसटीत सत्तावीस वर्षं कंट्रोलर होतो. दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, स्वतःची स्कूटर तिसऱ्या किकला सुरू होते. बहात्तर वर्षांचे आप्पा मागे बसले आणि नेकनूर येईपर्यंत माझ्या पाठीला तिच्याबद्दल सांगत राहिले. हात म्हणजे काय पिठलं आहे का, कोणीही ढवळावं? त्वचेचा रंग तपकिरी असतो असं कोणत्या गाढवानं तिला सांगितलं? मांजरसुंब्याला चहा प्यायला थांबू म्हटलं तर त्यांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं.

पाटोद्याच्या त्या बैठकीत आम्ही शिरलो तेव्हा चित्र भिंतीवरून खाली उतरवलेलं होतं. गंगासागरच्या एका हातात ब्रश, चिंध्या सुटून लोंबत होत्या. चित्र पोटाशी धरून छबुबाई उभी. आतल्या दाराशी महांतेश, कुणाची बाजू घ्यावी हे न कळल्यामुळे पडद्याची बाजू धरून.

“आमची सासू हाय ती,” छबुबाई म्हणत होती. “परक्यानं हात लावायचा न्हाई.”

“सासू तुमची, हात माझा,” गंगासागर म्हणाली.

आप्पांनी मधे जाऊन ब्रश हिसकावला. माझी खात्री होती की आता ते चित्र परत भिंतीवर लावून निघणार. पण त्यांनी छबुबाईच्या हातातलं चित्र घेऊन खुर्चीवर उभं केलं आणि गंगासागरला मनगट बाजूला धरायला सांगितलं. तिनं धरलं. आप्पा एकदा डागाकडे बघत, एकदा डागाच्या चित्राकडे. बराच वेळ. मला वाटलं पाघळले.

“बरोबर काढलाय,” ते म्हणाले.

तिनं मनगट खाली घेतलं आणि म्हणाली, “बरोबर काढलाय म्हणूनच त्यांनी वळखला ना, आप्पा. बायकोला बसवायचात तव्हा असा डाग काढला असता का?”

आप्पांच्या बायकोचं चित्र त्यांच्या घरात आहे. मी ते पाहिलेलं आहे, आणि तिच्या कपाळावरचा देवीचा व्रण त्यात कुठे नाही. तो आम्ही सगळ्यांनी तिच्या जिवंतपणी पाहिलेला आहे. दिसतं तेच काढायच्या नियमातून एक बाई सुटलेली होती, आणि हे रोज त्या चित्राची धूळ पुसणाऱ्या पोरीला माहीत होतं.

त्यांनी काच काढायला लावली. ट्यूब बघून तोंड वाकडं केलं, पिशवीतून स्वतःचे रंग काढले, अंगठ्यावर कालवले. तिच्या मनगटाच्या न भाजलेल्या बाजूशी रंग जुळवून बघितला. गंगासागरनं त्यांचं कोपर धरलं. प्रेमानं नव्हे, हलू नको म्हणून. चार-पाच फटकाऱ्यांत डाग गेला. आप्पा ब्रश पुसत कुणाकडे न बघता म्हणाले की हे खोटं हाय, आणि खाली माझी सही हाय.

छबुबाईनं चित्र लांब धरून पाहिलं. आठ महिन्यांचं तिचंही काहीतरी पुसलं गेलं असावं. एकदम तिचा आवाज बदलला. मला ओसरीवर बाजूला घेऊन म्हणाली, आता काई अडचण न्हाई, मुलाला पोरगी पसंत हाय, तिला विचारा. महांतेश पडदा सोडून दोन पावलं पुढे आला होता आणि आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच सरळ बघत होता. मुलगा वाईट नव्हता. मला तर वाटलं, माझ्या एका हारानं झालेलं सगळं आता धुऊन निघतंय. मी मनातल्या मनात अक्षतासुद्धा टाकल्या.

गंगासागर बाहेर स्कूटरपाशी उभी होती. चिंध्या काढून तिनं गटारात फेकल्या होत्या. आप्पांना तिनं मागे बसवलं होतं आणि स्वतः त्यांच्यामागे उरलेल्या वीतभर जागेवर चढत होती. मी गेलो, घसा साफ केला आणि वडीलधाऱ्या आवाजात म्हटलं, पाटोद्याची माणसं तयार आहेत, पोरगा चांगला आहे, तर काय सांगू मी त्यांना?

“दहा घरं ऱ्हायलीत, किक मारा.”