मुक्ताताईंची उलटतपासणी

पालीच्या बाजारपेठेत मुक्ताताईंचं औषधाचं दुकान होतं, आणि तिथे औषधाआधी प्रश्न मिळत. तुम्ही चिठ्ठी पुढे केलीत की त्या कपाळावरचा चष्मा नाकावर घेत, चिठ्ठी वाचत आणि फळीकडे हात न नेता विचारत, "सकाळी काय खाल्लंत?" पुढचा प्रश्न कोणता येईल ते तुमच्या नशिबावर. बाजारच्या दिवशी, मागे पाच-सात माणसं उभी असताना, त्यांनी आमच्या माजी सरपंचांना खणखणीत आवाजात विचारलं होतं, "शौचाला काळं होतं काय हो, डांबरासारखं?" सरपंचांनी पुढे महिनाभर औषधाला सुनेला पाठवलं. ताईंनी सुनेलाही सासऱ्यांबद्दल तेच विचारलं.

माणसं लाजतात याचं त्यांना नवल वाटे. "पोट सगळ्यांनाच हाय. मग त्याची लाज कशाला?" त्या साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, आणि आवाज मात्र एस.टी. स्टँडपर्यंत जाणारा. त्यांच्या गावातून औषधांचं शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्याच, पण हे त्यांनी कधी सांगितलं नाही. भिंतीवरच्या चौकटीतलं सर्टिफिकेट काय ते सांगे. कोणी कौतुकानं 'डॉक्टरीणबाई' म्हणालं तर तिथल्या तिथे तोडत. "मी डॉक्टर नाय. डॉक्टर लिहितात, मी वाचते. वाचणारा पण लागतो."

पोटाच्या औषधांच्या बाबतीत तर त्या फारच कडक. आमच्याकडे पोटाची गोळी म्हणजे जवळजवळ प्रसाद. कोणीही कोणालाही द्यावी, त्यानं काय बिघडतं? एकदा जयगडच्या बंदरावर काम करणारा एक धिप्पाड गडी कंबरदुखीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी मागायला आला. चिठ्ठी वगैरे काही नाही. "जोडीला पोटाची गोळी घेतंय ना ताई, मग कितीपण घेतल्या तर काय होतंय!"

"हेल्मेट घातलंस म्हणून गाडी माडावर घालतोस काय रे?" ताई म्हणाल्या. गडी हसला. ताई हसल्या नाहीत. एकही गोळी न देता त्यांनी त्याला कंबर दाखवायला दवाखान्यात पिटाळलं.

आता माझी गोष्ट. मी शाळामास्तर. प्रश्न विचारणं हा माझा धंदा. उत्तरं द्यायची वेळ आली की मला घाम फुटतो. गुडघेदुखीच्या गोळ्या खाऊन खाऊन आईच्या जठरात व्रण झाला आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी एक गुलाबी पातळ औषध लिहून दिलं. ते मी शहरातल्याच दुकानातून घेतलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात ताईंनी माझ्या बद्धकोष्ठाची सविस्तर चौकशी केली होती, तीही माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांसमोर. आई थायरॉइडची गोळी कित्येक वर्षं घेत होती. ती तेवढी मी ताईंकडून नेत राहिलो.

घरी मी आईच्या औषधांचं वेळापत्रक केलं. लाल शाईनं रेघा, काळ्या शाईनं अक्षर, ओट्याच्या वर चिकटवलेलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी. गुलाबी औषधही उपाशीपोटी. म्हणून दोन्ही एकाच रकान्यात, सकाळी सहा वाजता. आई गोळी जिभेवर ठेवी आणि वरून दोन चमचे गुलाबी औषध घेई. पाणीही लागत नाही म्हणून खूश असे.

दोन-तीन महिन्यांत आई मंदावली. परसातल्या अळवाकडे बघेना. चेहरा सुजला. भर वैशाखात अंगावर शाल घेऊन बसायची, बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडून द्यायची. एकदा माझ्या बायकोलाच तिनं विचारलं, "तू कोणाची गो?" डोंबिवलीचा भाऊ फोनवर म्हणाला, "वय झालंय तिचं. मनाची तयारी ठेव." आणि मी ती तयारी करायला लागलो होतो, हे आज लिहितानाही मला टोचतं.

रक्त तपासलं. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी वाढवली. पुन्हा तपासलं, पुन्हा वाढवली. थायरॉइडचे डॉक्टर वेगळे, पोटाचे वेगळे, आणि मी शहाण्यानं एकाचं औषध दुसऱ्याच्या कानावर घातलंच नव्हतं. तिसऱ्यांदा वाढवलेली चिठ्ठी घेऊन गेलो, तेव्हा ताईंनी चष्मा नाकावर घेतला.

"परत वाढली? काकी आणखी काय काय घेतात?"

"काही नाही," मी म्हणालो. "द्या लवकर, शाळेची वेळ झालीय."

"गुरुजी, घरात जेवढी औषधं असतील तेवढी पिशवीत भरून आणा. तेल, चूर्ण, सगळं. मग गोळी."

"मला वाचता येतं, मुक्ताताई."

"येतं हो. आणा तरी."

संध्याकाळी मी पिशवी नेली आणि रागारागानं काउंटरवर उपडी केली. बाम निघाला, हिंगाष्टक निघालं, संपलेल्या पट्ट्या निघाल्या आणि शेवटी शहरातल्या दुकानाच्या कागदी पाकिटात गुंडाळलेली ती गुलाबी बाटली. ताईंनी ती हातात घेतली. झाकणाभोवतीचा चिकटा अंगठ्यानं पुसला. "ही कधी देता?"

"सकाळी सहाला, गोळीबरोबर. दोन्ही उपाशीपोटीच असतात ना!" मी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

ताईंनी बाटली खाली ठेवली.

मग हळू आवाजात म्हणाल्या, "खळं सारवताना बघितलंय ना तुम्ही? हे औषध म्हणजे पोटातलं सारवण. जखमेवर बसतं, तिला आम्ल लागू देत नाय. चांगलं औषध हाय, रक्तात फारसं जात पण नाय. पण ओल्या सारवणावर दाणे टाकलेत तर काय होईल? तिथंच चिकटतील. काकींची गोळी रोज तशी चिकटत होती. पोटात जात होती, अंगाला लागत नव्हती."

"उद्यापासून दोन्ही वेगवेगळ्या वेळी देतो," मी कसंबसं म्हणालो.

"तेवढंच करून बसू नका! गोळी आता मोठी झालीय. ती सगळी अंगात जायला लागली तर काकींच्या छातीत धडधडायला लागेल. उद्या ही बाटली घेऊन दोन्ही डॉक्टरांकडं जा. काय ते त्यांनी ठरवायचं."

गेलो. पोटाच्या डॉक्टरांनी बाटली बघून कपाळाला हात लावला. ते औषध दोन महिन्यांपुरतं होतं. पुन्हा दाखवायला यायचं सोडून मी, आईला गोड लागतं म्हणून, बाटल्यांमागून बाटल्या आणत राहिलो होतो. ते बंद झालं. थायरॉइडची गोळी टप्प्याटप्प्यानं खाली आली. गणपतीच्या आधी एका सकाळी आई ओट्यापाशी उभी राहून माझं वेळापत्रक वाचत होती. मला म्हणाली, "अक्षर बरं हाय तुझं. डोकं कुठं ठेवलं होतंस?"

मला रडूच फुटलं. किती महिन्यांनी ती एक वाक्य पुरं बोलली होती.

गेल्या वर्षी मुक्ताताईंनी दुकान बंद केलं आणि त्या मंडणगडला भाचीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी मी आईला घेऊन त्यांना भेटायला गेलो. फळ्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. आई फणसाचे गरे आणि सांडगी मिरच्या बांधून घेऊन आली होती. दोघींचं बोलणं संपेना. शेवटी मी मनाचा हिय्या केला.

"ताई, ती बाटली मी तुमच्याकडून का घेतली नव्हती, ते सांगायचं राहिलंय."

"रत्नागिरीचं पाकीट मी तेव्हाच बघितलं हो. तुम्हाला माझे प्रश्न नको होते."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

ताई रिकाम्या फळीवरून फडकं फिरवत राहिल्या. "तुम्हाला लाजवलं असतं तर पुढचं औषध पण लपवलं असतंत. आणि काकी तर तुमच्याच हातात होत्या."

मी वाकून त्यांना नमस्कार केला. तीस वर्षं शाळेत शिकवतोय, पण चुकलेल्या एकाही पोराला मी असं सांभाळून घेतलेलं नाही.